नाकतोड्याची चिंधी

“आता तेल मिसळायची भानगडच नाही, साहेब. नुसतं पेट्रोल भरायचं आणि निघायचं,” शोरूममधली बाई म्हणाली आणि त्यानं टाकीवरचा हात काढून घेतला. खरं तर तो गाडी घ्यायला आलाच नव्हता. घ्यायचं वय तरी कुठं राहिलं होतं? साठीला दीड वर्ष उरलेलं, जिना म्हटलं की गुडघे कुरकुरायचे, आणि वाहनविम्याच्या कंपनीत तीस वर्षं पाहणी अधिकारी म्हणून ठोकलेल्या, चेपलेल्या, जळलेल्या गाड्या बघून बघून धड गाडीकडे बघायची त्याची सवयच मोडली होती. आजही तो मागच्या वर्कशॉपमध्ये एका मोटारीचा फुटका बंपर बघायला निघाला होता. पण वर्कशॉपची वाट शोरूममधून जायची, आणि वाटेत काचेपाशी, एका गोल चौथऱ्यावर, नाकतोडा उभा होता. तोच. पिवळी टाकी, बाजूनं वर उचललेला सायलेन्सर, चाकापासून हातभर उंच मडगार्ड, खडबडीत टायर आणि ते रोडके लांब पाय, आता उडी मारतो की मग अशा बेतात. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेली ती डोंगरात फिरवायची छोटी दुचाकी कंपनीनं पुन्हा काढली होती. त्यानं टाकीवर हात ठेवला, मग कुणी बघत नाही असं पाहून जरा वाकून वास घेतला. कसलाच वास नव्हता. “तुमच्या वयाचे खूप येतात,” बाई हसून म्हणाली, “हात लावतात, फोटो काढतात, एकदोघं रडलेसुद्धा. घेत मात्र कुणी नाही.” मग तिनं ते तेलाचं सांगितलं. बिचारीनं आपलं चांगलंच म्हणून सांगितलं होतं.

वर्कशॉपमध्ये तो बंपरपाशी उकिडवा बसला आणि फॉर्म उलटाच धरून लिहायला लागला. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, जेवलात ना वेळेवर?” तो म्हणाला, जेवलो. फॉर्मवर गाडीचा नंबर लिहिला, फुटलेला भाग लिहिला आणि ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यापाशी पेन थांबलं. हा रकाना त्यानं आजवर किती हजार वेळा भरला असेल देव जाणे. लोक काय वाट्टेल ते सांगायचे. कुत्रं आडवं आलं, ब्रेक लागला नाही, समोरच्यानंच मारली. तो गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि सांगायचा, “खरं काय ते बोला, मला पत्र्यावरून कळतं.” आणि कळायचंही. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही अशी कंपनीत ख्याती होती. खाई त्याला खवखवे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं रकान्यात ‘चालकाचे दुर्लक्ष’ लिहिलं, सही केली, आणि तेवढ्यात पुतणीचा फोन आला. “काका, संध्याकाळी जाताय ना बाबांकडे? फॉर्मवर साक्षीदाराची सही राहिलीय. उद्या वृद्धाश्रमाचा माणूस येणार न्यायला.” तो म्हणाला, जातो. मग तिचा आवाज फुटला. “काका, मी त्यांना इकडेच या म्हणत होते हो. खोली लावून ठेवली होती. पण ऐकतील तर शपथ. एकदा दूध उतू गेलं त्याचं केवढं केलं त्यांनी! म्हणतात, मी पहिल्यापासून विसराळू. तुझ्याकडे आलो आणि गॅस उघडा राहिला तर पोरांचं काय? माझ्या हातून एकदा झालंय, पुन्हा नको. तुम्ही तरी सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात.” तो “बघतो” म्हणाला. हा शब्द तो चाळीस वर्षं वापरत आला होता.

पहिल्यापासून विसराळू! दादा? ज्याच्या पाठांतरावर मास्तर पैजा लावायचे तो? दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि नाकतोडा दोघांत एक. नाव दादानंच ठेवलेलं. त्या गाडीला नुसतं पेट्रोल चालायचं नाही. प्रत्येक लिटरला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची दोन बुचं तेल टाकीत घालायचं, झाकण लावायचं आणि हँडल धरून गाडी डावीउजवीकडे हलवायची, आत घुळुक घुळुक ऐकू येईपर्यंत. मग तेल पेट्रोलबरोबर इंजिनात जाणार आणि जळता जळता आतलं लोखंड ओलं ठेवणार. तेल नसलं तर लोखंडाला लोखंड घासून इंजिन जागच्या जागी आवळून बसणार. गाडी एक आणि चालवणारे दोन, त्यामुळे कुणी तेल घातलं, कुणी नाही, याचा घोळ व्हायचा. एकदा दोघांनीही घातलं आणि सगळी गल्ली निळ्या धुरानं भरली. त्यावर शेजारची म्हातारी म्हणाली होती, “डास तरी मेले रे बाबांनो.” तेव्हा दादानं कायदा केला. आईच्या फाटक्या पोलक्याची एक हिरवी चिंधी कापली आणि सांगितलं, बारक्या, नीट ऐक. पेट्रोल भरलं की चिंधी सोडायची. तेल घातलं की क्लचच्या दांडीला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की डोळे मिटून निघायचं, विचारायचं नाही. बारक्यानं मान डोलावली होती. दादाचा कायदा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि ते डोंगर. आज बंपरपासून उठून बसस्टॉपकडे चालताना त्याला डोंगर आठवले, पण आठवले ते नाकानं. तापलेल्या सायलेन्सरवर घासल्या जाणाऱ्या गवताचा वास, जळक्या तेलाचा गोडसर वास, पुढं बसलेल्या दादाच्या घामेजल्या शर्टाचा वास. चढाला दादा पायदानांवर उभा राहायचा आणि मागे ओरडायचा, “बारक्या, पुढं सरक, पुढं सरक!” आणि तो दादाच्या कमरेला मिठी मारून पुढं सरकायचा. आयुष्यात इतकं निर्धास्त त्याला पुन्हा कधी वाटलं नाही. लग्न झालं, मुलगा झाला, तो परदेशी गेला, बायको त्याच्याकडे जाऊन येऊन असते, सगळं ठीक आहे, कुणाची तक्रार नाही. पण निर्धास्त असं नाही. दादा तर गाडीवर असा बसायचा की लोक थांबून बघत. बघता बघता ती गोष्ट कारखान्यापर्यंत गेली. या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यानं त्याला बोलावलं, नव्या गाड्या डोंगरात नेऊन तपासणारा चालक हवा होता. अमुक दिवशी सकाळी खिंडीपाशी या, आमची माणसं बघतील. घरात आनंदीआनंद. आदल्या दिवशी संध्याकाळी बारक्यानं डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं. चिंधी सोडून खांद्यावर टाकली. तेलाचा डबा आत मोरीपाशी होता. उठायचा कंटाळा आला होता, एवढंच. दुसरं काहीएक कारण नव्हतं. दादानं आतून हाक मारली, “बारक्या, झालं का रे?” आणि तो म्हणाला, “झालं.” म्हणाला आणि चिंधी बांधली, तेल काय, मागाहून घालता येईल म्हणून. मग मित्र आले, गप्पा झाल्या, जेवणं झाली, झोप आली. पुढं आयुष्यभर माणसं त्याला अपघातांची मोठमोठी कारणं सांगत राहिली आणि तो मनात म्हणत राहिला, इतकं मोठं नसतं हो.

टाकीच्या तळाशी जुनं तेलाचं पेट्रोल होतं, त्यातल्या थोड्याशा तेलावर गाडी खिंडीपर्यंत गेली. चढलीही झकास म्हणे. उतारावर इंजिन आवळलं, मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि दादा दगडांवर. बारक्या मित्राच्या सायकलवरून मागून बघायला गेला होता, तो वळणावरच होता. सगळ्यांत आधी पोचला तो. दादाचा डावा पाय भलत्याच बाजूला वळलेला, डोळे उघडे पण ओळख नाही. आणि शेजारी पडलेल्या नाकतोड्याच्या दांडीला हिरवी चिंधी. तो आधी दादाकडे वळला नाही. हेच ते. लोकांना चूक माफ असते, चूक कुणाच्याही हातून होते, त्याचं त्याला तितकंसं नव्हतं. पण तो आधी गाडीकडे गेला, गाठ सोडली, चिंधी खिशात घातली आणि मग “दादा!” म्हणून ओरडला. संध्याकाळी मेकॅनिकनं इंजिन उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, “कोरडं ठणठणीत. तेल कुणी घालायचं होतं?” वडील बघत होते. बारक्या म्हणाला, “मी पेट्रोल भरलं. तेल दादा घालणार होता. चिंधी नव्हती बांधलेली.” दवाखान्यात चौथ्या दिवशी दादा धड बोलायला लागला. त्या सकाळचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, डोक्याला मार होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, “असेल. चिंधी न बघताच निघालो असेन. घाईत होतो ना. कमाल आहे माझी.” आणि मग, पाय वर टांगलेला असताना, त्यानं धाकट्या भावाच्या डोक्यावर हात ठेवला. “तू नको रे रडू. तुझा काय दोष?”

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर दुकानांच्या पाट्या जात होत्या. त्याला वाटलं, त्या वेळी सांगितलं असतं तर एक थोबाडीत बसली असती, वडिलांनी पंधरा दिवस अबोला धरला असता आणि संपलं असतं. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता त्या गोष्टीचं वय वाढत गेलं, आणि वय वाढलं की गोष्टीसुद्धा माणसासारख्या हट्टी होतात. चिंधी त्यानं टाकली नव्हती. विसरलाच होता ती खिशात आहे हे. आईनं पँट धुताना ती काढली. बघितली. त्याच्याकडे बघितलं. मोरीतला नळ गळायचा, त्याला ती घट्ट बांधून टाकली. ते घर सोडेपर्यंत, पाच वर्षं, तो रोज सकाळी त्या चिंधीखाली तोंड धूत होता. आईला कळलं होतं की नव्हतं, ते ती घेऊनच गेली. बस दादाच्या वस्तीपाशी थांबली तेव्हा तो क्षणभर बसूनच राहिला. फॉर्मवर सही करावी, चहा प्यावा, निघावं. आश्रम चांगला आहे, बाग आहे, डॉक्टर आहे. कशाला उगाच मढं उकरायचं? पण शोरूममधल्या त्या बाईचा आवाज कानातून जाईना. नुसतं पेट्रोल भरायचं आणि निघायचं. म्हणजे आता ती चूक कुणाला करताच येणार नव्हती. जगात ती करून बसलेले जे काही थोडे उरले असतील, त्यांतला तो एक. कंडक्टर म्हणाला, “काका, उतरायचंय ना?”

दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर. पाय तसा झाल्यावर दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोंदणी कारकून झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. वहिनी जाऊन चार वर्षं झाली. दार उघडंच होतं, आत दोन बॅगा बांधून भिंतीला लावलेल्या. आणि चिठ्ठ्या. स्वयंपाकघराच्या फळीवर, नळाच्या वर, दाराच्या आतल्या बाजूला, दादाच्या मोत्यासारख्या अक्षरात. गॅस. नळ. खिडकी. कडी. प्रत्येकीखाली तारखा आणि बरोबरच्या खुणा. शर्टाच्या खिशातही एक छोटी वही असायची. घराबाहेर पडताना त्यात खूण केल्याशिवाय दादा उंबरा ओलांडत नसे. वहिनी म्हणायची, “ह्यांचं लग्न माझ्याशी लागलं, पण संसार वहीशी.” सगळे हसायचे. तोही हसायचा.

“ये बारक्या,” दादा म्हणाला. “चहा टाकलाय. म्हणजे टाकलाय असं वाटतं, बघ बरं.” आणि स्वतःच हसला. चहा टाकलेला होता. दादानं कप आणले, लंगडत, भिंतीला हात लावत, आणि फॉर्म पुढं सरकवला. “इथं कर सही. चष्मा आणलायस ना?”

“आज नाकतोडा बघितला,” तो म्हणाला.

“आपला?”

“नवा. पुन्हा काढलाय कंपनीनं. तस्साच. पिवळा.”

दादाचा चेहरा एकदम उजळला. इतका की त्याला बघवेना. “सायलेन्सर वर आहे? आवाज कसा आहे रे?”

“चालू नव्हता. आणि तेल नाही लागत आता. नुसतं पेट्रोल.”

“बरं झालं,” दादा म्हणाला. “माझ्यासारख्यांची सोय झाली.” आणि त्यानं पेन त्याच्या हातात दिलं.

पेन हातात होतं. रकाना समोर होता. तो म्हणाला, “दादा, तेल मी घातलं नव्हतं.”

“तू कशाला घालशील? मी घालणार होतो.”

“नाही. माझ्याकडे होतं. तू विचारलंस झालं का, मी म्हणालो झालं. आणि चिंधी बांधली.”

दादानं फॉर्मवरचा हात काढून घेतला. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली.

“चिंधी नव्हती,” दादा सावकाश म्हणाला. “मी न बघता निघालो.”

“होती. दांडीला होती. तू पडला होतास आणि मी आधी ती सोडली. खिशात घातली. मग तुला हाक मारली.”

“म्हणजे मी बघितली असणार.”

“बघितलीच असणार. म्हणून तर निघालास. तू काही विसरला नव्हतास, दादा. तू कधीच काही विसरला नव्हतास.”

चहावर साय धरली. मग दादा बोलला ते अगदी खालच्या आवाजात. “पायाचं सोड. पायाचं मी कधीच मनातून काढलं. ती नोकरी गेली, तीही सोड. पण पोरगी झाली ना, तेव्हा मी तिला उचलून घेऊन जिना कधी उतरलो नाही. एकदासुद्धा नाही. तुझी वहिनी म्हणायची, घ्या हो जरा, मी म्हणायचो, पाय दुखतो. पाय नव्हता दुखत. मला वाटायचं, मी मध्येच विसरेन. हातात पोर आहे हे विसरेन.” त्याचा आवाज चढला. “अरे, असं कुणी विसरतं का रे? पण मला वाटायचं! चाळीस वर्षं मला वाटायचं! आणि तू यायचास, चहा प्यायचास, या चिठ्ठ्या बघायचास आणि हसायचास!”

“हसायचो,” तो म्हणाला. “चुकलं माझं.” इतक्या वर्षांत मनात घोळवलेली केवढी वाक्यं होती, त्यांतलं एकही आलं नाही.

“चुकलं म्हणे!” दादा उठला. टेबलाला हात टेकून उभा राहिला. फॉर्मकडे बघितलं, तो उचलून दुमडला, पुन्हा दुमडला आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. मग काठी घेतली, चपला घातल्या. “पोरीला फोन मी करीन. तू मध्ये बोलायचं नाहीस.”

“कुठं चाललास?”

“खाली. चालायला. माझ्यामागं येऊ नकोस. आज नको, उद्याही नको. मी बोलवीन तेव्हा ये, बोलावलं तर.” दारापाशी त्याचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला. वहीवर बोटं टेकली. तो थांबला, वही बाहेर काढली, चपलांच्या फळीवर ठेवली आणि उंबरा ओलांडला. जिन्यावर काठीचा आवाज उतरत गेला. “दार ओढून घे जाताना,” एवढं खालून ऐकू आलं.

तो एकटाच त्या खोलीत उभा राहिला. मग स्वयंपाकघरात गेला. गॅस बंद होता. नळ बंद होता, खिडकीची खिट्टी लावलेली होती. त्यानं कप विसळले, पालथे घातले आणि बाहेर पडला. दीड मजला उतरल्यावर जिन्याच्या झरोक्यातून त्याला खाली रस्ता दिसला. दादा लंगडत, पण भराभर, कोपऱ्यावरून वळत होता. एकदाही मागं बघत नव्हता. त्याला बरं वाटलं आणि त्याच वेळी इतका थकवा आला की कठड्याला धरून तो उभा राहिला. मग त्याच्या मनात आलं, दार ओढलं होतं ना आपण? त्यानं आठवून बघितलं. कप आठवले, नळ आठवला, चपला आठवल्या. दार काही आठवेना. ओढलं असणार. ओढलंच असणार. तो दोन पायऱ्या उतरला, पुन्हा थांबला आणि कुरकुरत्या गुडघ्यावर हात ठेवून परत वर चढू लागला.